घरच्या फोनची एक बाजू

घरचा फोन माझ्यासाठी नव्हता. माझा धंदा मोबाइलवर चालतो. भिवंडीच्या निजामपुऱ्यात माझा चिंधीचा गाळा आहे. लूमवरचे आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांतले उरलेले तुकडे गोण्यांतून येतात, बायका ते निवडतात, आणि मशीन पुसायला म्हणून तो माल पुन्हा कारखान्यांना जातो. एके काळी त्या निवडणाऱ्या बायकांत मीही खाली बसलेली असायचे. आता गाळा माझा आहे. कोणी हात धरून वर आणलं नाही.

फोन ह्यांच्यासाठी होता, माझ्या नवऱ्यासाठी. ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं लूमवर घालवली. त्या खडखडाटात कान गेले. मोबाइलचा बारीक आवाज ह्यांना ऐकूच यायचा नाही. जुन्या फोनचा जाड रिसीव्हर डाव्या कानाला दाबून धरला आणि आवाज पूर्ण वाढवला की मात्र सगळं कळायचं. मग लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. 'आं' आणि 'हं' एवढे दोन आवाज राहिले. तरी डाव्या हाताने रिसीव्हर उचलता यायचा. आमचा मुलगा आखातात एका गोदामात नोकरीला आहे. तिकडे मोबाइलवरचे फुकटचे कॉल चालत नाहीत, म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो घरच्या नंबरावर फोन करायचा. तो बोलायचा, हे 'आं' करायचे. बापलेकांना तेवढं पुरायचं.

माझं आणि त्याचं बोलणं बंद होतं. चुकून मी फोन उचलला तर 'बाबांना दे' एवढंच. माझा मोबाइल नंबर तर त्याने ब्लॉकच करून टाकला होता.

कारण सांगायचं तर माझ्या भाव करण्याच्या पद्धतीकडे जावं लागेल. भाव एकदा सांगितला की मी गप्प बसते. कमी करा म्हटलं तरी गप्प, उठून जाऊ का म्हटलं तरी गप्प. गोणीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसायचं आणि समोरच्याकडे बघायचंही नाही. माणसाला शांतता सहन होत नाही. तो आपोआप बोलायला लागतो आणि बोलता बोलता माझ्या भावावर येतो. बाजारात याला नाव पडलं होतं: 'चुप'. "आज शेठाणीने चुप लावली," असं दलाल एकमेकांना सांगायचे. माझी चुप म्हणजे नकार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाला सगळ्यांत जास्त, कारण तो लहानपणापासून ती बघत आला होता.

तो गाळ्यात बसायला लागला तेव्हाची गोष्ट. पुण्याकडच्या एका कारखान्याचा खरेदीवाला आला होता. मी भाव सांगितला आणि चुप लावली. माणूस घामाघूम झालेला, आता हो म्हणणार. तेवढ्यात आमचे चिरंजीव मागून बोलले, "काका, घ्या हो, थोडं कमी करू." झालं. खरेदीवाला हसला. मी मुलाला त्याच्यासमोर, निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर, असा धुतला की बाहेरचा चहावाला आत डोकावला. "जीभ एवढी वळवळते तर गाळ्याच्या बाहेर बस," असं म्हटलं मी.

तो बाहेर गेला तो बाहेरच गेला. एजंट धरला, पासपोर्ट काढला. निघायच्या दिवशी दारात बॅग ठेवून म्हणाला, "आई, तुला गिऱ्हाईक आणि माणूस यांतला फरक कळत नाही. येतो मी." मी तांदूळ निवडत होते. मी वर बघितलं नाही. एका ओरडण्यावरून घर सोडणाऱ्या पोराला मी काय म्हणून 'ये' म्हणायचं? आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. आई ओरडते. तिने नाही तर कोणी ओरडायचं?

गेल्या वर्षी आमच्या रस्त्याचं खोदकाम निघालं आणि फोनची तार तुटली. भिवंडीत रस्ता खोदणं काही नवीन नाही, पण या वेळी कंपनीने सांगितलं की ती तार आता जोडणार नाही. यापुढे फोन इंटरनेटवरून चालेल. नंबर तोच, फोनही तोच, फक्त मध्ये एक डबा बसेल. त्यात बरेच आठवडे गेले. शुक्रवार आला की हे फोनकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे.

शेवटी कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, घाईतला. त्याने डबा पुढच्या दाराशी बसवला आणि म्हणाला, "फोन इथेच राहील."

मी म्हटलं, "पेशंट आतल्या खोलीत आहे. फोन इथे ठेवून काय दाराला ऐकवू?"

"आत वायर टाकायची तर वेगळं काम आहे, ताई. नाही तर आत दुसरा राउटर लावा, मग फोन त्याच्यावर देतो."

राउटर माझ्याकडे होता. जवळच्या वळ गावात गोदामं आहेत, तिथे लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेला माल खोक्यांनी विकतात. असं एक खोकं मी मागे घासाघीस करून उचललं होतं आणि त्यात हा राउटर निघाला होता. मी तो आणून त्याच्या हातात दिला. त्याने उलटसुलट करून बघितला. "चालेल ना?" मी विचारलं. "चालतो का बघू," तो म्हणाला. बाहेरच्या डब्यातून आत वायर आली, तिला माझा राउटर लागला, त्याला एक छोटी डबी आणि डबीला ह्यांचा फोन.

मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि आमचा नंबर लावला. फोन वाजला. ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मी रिसीव्हर उचलला. माणूस माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा.

"ऐकू येतंय?"

"येतंय. तुम्हाला?"

"येतंय ना. स्वच्छ. करा सही."

मी सही केली. वायरचे वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत, याचाच मला त्या दिवशी आनंद होता.

त्यानंतर त्या फोनवर कोणाचे फोन यायचे? कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींचे. "हॅलो मॅम, हॅलो?" एवढं म्हणाल्या की मी तोंड सोडायचे, आणि त्या लगेच ठेवून द्यायच्या. गाळ्यात बायकांना मी हसत सांगायचे, "माझा आवाज ऐकूनच पळतात." आम्हाला बाहेर फोन करायचा तर मोबाइल होताच. घरचा फोन फक्त यायच्या कॉलसाठी होता, तोही एका माणसाच्या.

त्याच सुमारास ह्यांचं दुखणं वाढलं. छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता जवळच्या माणसांना बोलावून घ्या. जवळचं माणूस एकच होतं. त्याला कळवलं माझ्या नणंदेने. ती खारबावला असते, त्याच्याशी तिचं बोलणं होतं. फोन सुरू झाल्याचंही तिनेच त्याला सांगितलं. मी सांगितलं नाही आणि सांग असंही म्हटलं नाही, पण ती सांगते आहे हे कळूनही तिला अडवलं नाही. माझ्यासारखीच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे घरातल्या माणसांना कळायला हवं होतं.

ज्या दुपारी त्याचा फोन आला त्या दुपारी मी घरी होते. ह्यांना भरवून नुकतंच झोपवलं होतं. मी रिसीव्हर उचलला.

"हॅलो, बाबा?"

"मी बोलतेय," मी म्हटलं.

तो थोडा थांबला. "आई, तूच आहेस. कळलं मला."

"हो, मीच. बोल."

"ऐक. आत्या म्हणाली बाबांचं वाढलंय."

"फार वाढलंय रे. डॉक्टर म्हणतात—"

पण तो माझं बोलणं तोडत पुढे बोलत राहिला. "मला रजा मिळतेय. साहेबाशी बोललोय मी. मी येऊ का?"

मी म्हटलं, "ये. आजच्या आज निघ. मिळेल त्या विमानाने ये." तो काही बोलला नाही, म्हणून मी आणखी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या आधी आणि समोरच्यापेक्षा जास्त बोलत होते. बाबा तुझी वाट बघतात, शुक्रवारी फोनवरून नजर काढत नाहीत, मी ओरडले ते ओरडले, ते आता सोड. हे सगळं मी भडाभडा बोलले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ह्यांना जाग येईल म्हणून मी पदर तोंडाशी धरला होता, पण आवाज खाली केला नव्हता.

मग तो म्हणाला, "विचारतोय मी तुला. येऊ का?"

मला वाटलं, मुलगा भाव करायला शिकला. एकदा वदवून समाधान झालं नाही, आता दोनदा वदवून घेतोय. एरवी मी फोन आपटला असता. पण आत ह्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. मी ओरडले, "अरे, ये म्हटलं ना! किती वेळा म्हणू? ये, ये, ये!"

बराच वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "बरं. समजलं मला." आणि फोन ठेवला.

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिले. मला हलकं वाटत होतं. पोराला समजलं, असं मला वाटलं.

हे उठल्यावर मी कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "येतोय तो. रजा मिळाली." ह्यांनी 'आं' केलं. मग डावा हात उचलून हनुवटीवर फिरवला. आधी मला कळलंच नाही. पुन्हा फिरवला. दाढी करायची होती.

न्हावी घरी आला. खुंट वाढलेले गाल साफ केले, मिशी कापली. "काका, लगीन हाय का?" त्याने विचारलं आणि हे अर्ध्या तोंडाने हसले. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी हनुवटीवर हात जायचा. मी न्हाव्याला बोलवायचे. पलंग फिरवून तोंड दाराकडे करून घेतलं. गल्लीत रिक्षा थांबली की ह्यांचा हात वर व्हायचा, म्हणजे जाऊन बघ. मी जाऊन यायचे. "शेजारी आलेत." पुढे पुढे हात वर व्हायच्या आतच मी जाऊन यायला लागले.

नणंदेचा मोबाइलवर फोन आला. "वहिनी, तो कवा येतो ते बोलला का तुला?"

"रजा मिळाली म्हणाला. येतोय."

"मला तर काय न्हाय बोलला. विचारू का?"

"काही नको. माझ्याशी बोलणं झालंय त्याचं. दहा वेळा काय विचारायचं?"

मी विचारू दिलं नाही. त्याला मी ये म्हटलं होतं, तो समजलं म्हणाला होता. सौदा ठरल्यावर मागे फोन करत बसायची माझी पद्धत नाही. माणूस शब्दाचा असेल तर येईल.

हे एका सकाळी गेले. चहा भरवायला मी बशी उचलली तेव्हा डोळे दाराकडे होते, आणि ते तसेच राहिले. गाल गुळगुळीत होते. आदल्याच दिवशी न्हावी येऊन गेला होता.

अग्नी पुतण्याने दिला. मुलाला नणंदेने कळवलं. त्याने तिच्याकडे ह्यांचा फोटो मागितला, एवढंच मला कळलं. मी कोणाला सोडलं नाही. दाराशी बसायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं: रजा मिळाली होती, येतो म्हणाला होता, बापाला झुलवत ठेवलं आणि आला नाही. पाणी प्यायला टेकलेल्या माणसालाही ऐकवलं. मला रडायचं नव्हतं, आणि बोलत राहिलं की रडू येत नाही.

दहाव्याला नणंदेने ऐकून घेतलं नाही. पिंडाचं आटोपल्यावर, सगळ्यांच्या देखत ती उसळली. "बस कर वहिनी. तूच त्याला येऊ दिला न्हाय."

"मी?"

"तूच. दोनदा विचारलं त्याने, येऊ का, येऊ का. तू तोंड उघडलं न्हाय. चुप लावून बसलीस. पोटच्या पोराला चुप! काल रडत सांगितलं त्याने मला."

मी तिला खोटारडी म्हटलं, मुलाला खोटारडा म्हटलं. तो आला नाही आणि वर माझ्यावर ढकलतोय, असं मला वाटलं. ती उठून गेली. त्या दिवशी मी इतकी संतापले होते की घरी येऊन ह्यांच्या फोटोलाही सुनावलं, बघा तुमचं पोरगं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घरचा फोन वाजला. ह्यांच्या लूमचे जुने मालक होते, वयाने फार थकलेले, कोकणी मुसलमान. त्यांच्याकडे आमचा हाच जुना नंबर.

"हॅलो, वहिनी?"

"बोला, मालक."

"हॅलो? वहिनी, मी बोलतोय, लूमवरून... हॅलो?"

"बोला ना, ऐकतेय मी."

मग ते त्यांच्या घरात कोणाला तरी म्हणाले. रिसीव्हर तोंडापासून लांब धरला असावा, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला. "उचलतात, पण कोणी बोलत नाय बघ. गप्पच बसलेत." आणि फोन ठेवला.

मी मोबाइलवरून त्यांना लावला.

"वहिनी? आताच घरच्या नंबरावर लावला होता. कोणी तरी उचलला, पण बोललं नाय."

"मीच उचलला, मालक. मी बोलत होते."

"नाय हो. एक चकार आवाज नाय आला."

ते ह्यांच्याबद्दल बोलत राहिले, चांगलं बोलले, मी हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर मी टीव्ही मोठ्याने लावला. मोबाइलवरून घरचा नंबर लावला, रिसीव्हर उचलून टीव्हीसमोर ठेवला आणि मोबाइल कानाला लावून जिन्यात गेले. टीव्हीचा आवाज जिन्यात भिंतीतून येत होता. मोबाइलमधून काही येत नव्हतं. दुसरा कान बोटाने बंद केला. काही नाही. खरखर नाही, श्वास नाही, काहीच नाही.

मी पायरीवर बसले. बसवायला आलेला तो माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणाला होता, येतंय ना, स्वच्छ. त्याला माझा आवाज खोलीत ऐकू येत होता. दोघांनी फोन कानाला लावला होता आणि दोघं समोरासमोर बोललो होतो. मी, जी चिंधीची गोणी तळापर्यंत हात घातल्याशिवाय घेत नाही, तिने तसाच फोन घेतला.

कंपनीला फोन लावला. एका मुलीने उचलला. हिंदीत बोलत होती, थकलेली पण नीट बोलत होती. मी आधी तिच्यावर सगळा राग काढला. तुमच्या माणसाने माझ्या नवऱ्याला मुलाचं तोंड बघू दिलं नाही, असं म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, मैं समझ नहीं पाई, फोन बज रहा है क्या?"

"बजता है. सुनाई भी देता है. मेरा आवाज उधर नहीं जाता."

"घर में दो राउटर हैं क्या?"

मी आणून दिलेल्या राउटरकडे मी बघितलं. मग म्हटलं, "हां."

तिने मला मोबाइलवर आतल्या राउटरचं पान उघडायला लावलं. पासवर्ड राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर होता, अर्धा खरवडलेला. चष्मा लावून, बॅटरी मारून वाचला. दोनदा चुकला. इंग्रजी मला खोक्यांवरच्या नावांपुरती येते. ती एकेक अक्षर सांगायची, मी एकेक अक्षर शोधायचे. एकदा लाल दिवा लागला आणि सगळंच बंद पडलं. मी तिला वाटेल ते बोलले. तिने फोन ठेवला नाही, "वेट कीजिए, आएगा," एवढंच म्हणत राहिली. दिवा परत हिरवा झाला. शेवटी एका ओळीपाशी पोचलो. इंग्रजीत लिहिलेलं, एसआयपी एएलजी. तिच्यापुढे बरोबरची खूण.

"वो टिक निकाल दीजिए."

"ये क्या है?"

"फोन की मदद के लिए होता है, मॅडम. लेकिन दो राउटर हों तो यही बीच में आवाज इधर-उधर भेज देता है."

मदत करायला बसवलेलं, आणि त्यानेच माझं 'ये' कुठल्या कुठे नेऊन टाकलं. मी खूण काढली. जतन केलं. राउटर बंद करून परत चालू केला. मग तिने फोनच्या डबीतही एक आकडा बदलायला लावला. काम झाल्यावर तिने विचारलं, "और कोई सहायता?" मी नाही म्हटलं.

या वेळी मी समोरच्या माणसावर तपासणी सोडली नाही. घरच्या फोनवरून खारबावला नणंदेला लावला. दहाव्यानंतर पहिल्यांदाच.

"ऐकू येतंय?" मी ओरडले.

"येतंय. येवढी का बोंबलतंस?" ती म्हणाली. मग तिला माझं रडणं ऐकू आलं आणि तिने विचारलं, "वहिनी, काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं बाय माझे." आणि मग, "लाव त्याला. लगेच लाव."

मी लावला. घरचा नंबर बघून त्याने उचलला, पण हॅलो म्हटलं नाही.

"मी बोलतेय," मी म्हटलं.

"हं. बोल."

मी सांगितलं. राउटरचं, त्या खुणेचं, मालकांचं, टीव्हीचं. तो गोदामात असल्याच यंत्रांवर काम करतो, त्याला मधेच सगळं कळलं. "एकामागे एक दोन लावले होते?" त्याने विचारलं.

"हो."

"टिक काढलीस?"

"काढली."

"आता स्वच्छ येतंय." आणि मग, "म्हणजे तू बोलत होतीस."

"घसा बसेपर्यंत बोलत होते."

"काय बोलत होतीस?"

मी सांगायला लागले. ये म्हटलं. आजच्या आज निघ म्हटलं. मिळेल त्या विमानाने ये म्हटलं. बाबा वाट बघतात म्हटलं. त्या दुपारी जे एका दमात आलं होतं ते आता एकेक ओळ करून सांगावं लागत होतं, आणि सांगताना मलाच ते कोणा दुसऱ्या बाईचं वाटत होतं.

"मी कपडे काढून ठेवले होते बॅगेत भरायला," तो म्हणाला. "फोन ठेवल्यावर रजेचं नको म्हणून सांगितलं साहेबाला."

"तुला वाटलं नाही फोन बिघडला असेल?"

"बाबा असते तर 'आं' आलं असतं. काहीच आलं नाही तेव्हा कळलं, तू आहेस. तू अशीच बसतेस, आई. मी निघालो तेव्हाही अशीच बसली होतीस."

"तेव्हाचं वेगळं होतं. बाप मरायला टेकलेला असताना मी चुप लावीन?"

"मला काय माहीत? मी किती वेळा लागलेली बघितलीये."

माझ्याकडे याला उत्तर होतं, उत्तरं होती, पण तो पुढे बोलला. "बाबांना माहीत होतं? मी फोन केला होता ते?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. माझ्या धंद्यात मी वाटेल तेवढं खोटं सहज बोलते. "तू येतोयस म्हणून सांगितलं होतं मी त्यांना," मी म्हटलं.

"मग?"

"दाढी करून बसायचे. दाराकडे तोंड करून."

पलीकडे कसली तरी गाडी मागे घेतल्याची पींपीं वाजत होती. ती थांबली. त्याचा श्वास ऐकू येत होता, तुटत तुटत. इतका स्वच्छ की तो आतल्या खोलीत बसून रडतोय असं वाटावं.

मग त्याने विचारलं, "आता येऊ का?"

आणि मी म्हटलं, "आता कशाला?"

मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत आहे. आता तुला काय दाखवू, पलंगही घडी करून वर टाकलाय, तू दारात उभा राहिलास तर मी तुला कोणाकडे नेऊ, असं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, आणि माझ्या नेहमीच्या आवाजात निघालं. तो म्हणाला, "बरं." मी दुसरं काही बोलायच्या आत, "शिफ्ट आहे, ठेवतो," म्हणाला.

मी परत लावला. वाजत राहिला.

नणंद म्हणते, अजून वेळ गेलेली नाही, एकदा ये म्हण. गाळ्यातल्या बायका म्हणतात, शेठाणी, तुम्हीच म्हणा. मी म्हणते, त्याने तिसऱ्यांदा का नाही विचारलं? पहिल्यांदा नाही आलं उत्तर, दुसऱ्यांदा नाही आलं, तर माणूस तिसऱ्यांदा विचारतो. आईला विचारायचं होतं, मला विचारायचं होतं, खरेदीवाल्याला नाही. हे मी सगळ्यांना सांगते. त्याला सांगत नाही.

तो शुक्रवारी फोन करतो. आता बाबांना दे म्हणायला कोणी नाही, म्हणून माझ्याशीच बोलतो. मी पहिल्या रिंगला उचलते आणि आधी विचारते, "ऐकू येतंय ना?"

"येतंय," तो म्हणतो.

मग मी तिकडच्या उन्हाचं विचारते, तो इकडच्या रस्त्याचं विचारतो. रस्ता अजून खोदलेलाच आहे, मी सांगते. येण्याचं तो विचारत नाही. त्या दुपारी किती वेळा म्हटलेला तो शब्द माझ्या तोंडाशी येतो, मी रिसीव्हर घट्ट धरते, आणि तेवढ्यात तो म्हणतो, "चल, ठेवू?"

"ठेव," मी म्हणते.